यंग स्टार केबल, केज

७ जुलै १९९४

ही डायरी खताच्या दुकानात फुकट मिळाली. अर्धं वर्ष कोरंच गेलं, पण धंदाच काल सुरू झाला त्याला डायरी तरी काय करणार! कालपासून केजमधल्या एकोणतीस घरांत आमच्या डिशवरून चित्र दिसतंय. पाटी लावलीय, ‘यंग स्टार केबल’. नाव बंकटचं, अक्षर माझं. मालक दोन. एक मी, संगमेश्वर, वय बावीस, पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. दुसरा बंकट, वय एकवीस, दहावीला गणितात दोनदा आपटलेला. त्याला उंचीची भीती नाही आणि मला बोलायची लाज नाही, हेच आमचं भांडवल.

डिश बंकटच्या माळवदावर बसवली. त्याची आई केशरबाई मुलांच्या वसतिगृहात भाकरी करते. ती खालून ओरडली, “माझ्या डोस्क्यावर येवढी मोठी परात कावून ठिवली रे?” बंकट म्हणाला, “ह्या परातीत आता अमेरिका मळायची, आये.”

खरं तर डिश आमच्या गिरणीवर बसवायची होती. तीच जागा उंच. अप्पा म्हणाले, “पोरखेळ गिरणीवर न्हाई पाहिजे.” विषय संपला. वीस वर्षं पिठात उभं राहून माणसाचं मनही पांढरं होतं की काय कोण जाणे.

१९ जुलै

आज सात घरं फिरलो. सातही घरी एकच प्रश्न, “मालक कुठंय?” मीच म्हणालो की हसतात. एका मास्तरांनी तर मला पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाले, “तुज्या वडलांना धाडून दे, मंग बोलू.”

शेवटी स्टँडवरून साध्या काचेचा चष्मा घेतला. मिशीही वाढवतोय. वय कुणी विचारलं तर सत्तावीस सांगायचं ठरलंय. बंकट म्हणाला, “चष्म्यात तू सत्तावीसचा न्हाई दिसत बे, आंधळा दिसतोस.”

५ ऑगस्ट

घरं एकाहत्तर झाली. माझं डोकं एका बाबतीत लई चाललं, ते इथं लिहून ठेवतो.

वायर नुसती माळवदांवरून नेली तर रस्ता ओलांडता येत नाही. विजेच्या खांबांवरूनच न्यावी लागते. परवानगी नाही, पण कुणी अडवतही नाही. वरच्या उघड्या तारांत करंट असताना चढायचं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून लाईट गेली की चढायचं. ती एकदा गेली की दीड-दोन तास येत नाही. पण भर दिवसा रस्त्यावर उभं राहून लाईट गेलेली कळणार कशी? तर अप्पांच्या गिरणीवरून! सकाळी सातला तिची घरघर सुरू होते ती दिवस मावळेपर्यंत, आणि निम्म्या गावाला ऐकू येते. अप्पा जेवायलासुद्धा ती बंद करत नाहीत, आईला उभं करतात. सणवार नाही, अमावस्या नाही. आज्जी वारली त्या दिवशीसुद्धा लोकांचं दळण अडलं म्हणून दुपारी चालू केली होती. म्हणजे गिरणी थांबली की लाईट गेली, यात दुसरा अर्थच नाही.

आता मी खालून म्हणतो, “चढ,” आणि बंकट चढतो. मी म्हटल्याशिवाय तो पाय उचलत नाही. दर वेळी विचारतो मात्र, “पक्कं का?”

२ सप्टेंबर

कोण म्हणतं कमी वय धंद्यात आडवं येतं? परवाच्या वाऱ्यानं चौदा ठिकाणी वायर तुटली. आम्ही सकाळी सहाला सुरुवात केली आणि चारला सगळं गाव चालू. पन्नाशीचा माणूस असता तर त्यानं आधी चहा घेतला असता, मग माणसं बोलावली असती, मग पंचांग बघितलं असतं. आम्हाला काय अशक्य आहे हेच अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ते होतं. हे वाक्य मी बंकटला ऐकवलं. तो म्हणाला, “पाय दाब, मंग भाषण कर.”

२१ ऑक्टोबर

अप्पांचा टोमणा मारायचा नवा प्रकार. सकाळी माझ्या सायकलच्या हँडलला रबरी हातमोजे अडकवलेले. जाड, काळे, मोटार दुरुस्तीला वापरतात तसले, कोरे करकरीत. म्हणजे तुम्ही काय कामगार आहात ते बघा, असंच ना? तोंडानं एक शब्द नाही. मी ते ऑफिसच्या कोपऱ्यात फेकले. बंकटनं घालून बघितले आणि म्हशीची धार काढायचा अभिनय केला. हसून हसून पोट दुखलं.

रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, “खांबावर बंकटच चढतो न्हवं?” मी म्हणालो, हो. “आन तू?” मी खाली असतो, बघायला. ते ताटावरून उठले. मालक असून मी चढत नाही हे त्यांना पटलं नसणार.

१८ डिसेंबर

घरं दोनशे चौदा. आणि आता संकट.

लाईट ऑफिसचा माणूस येऊन सांगून गेला, जानेवारीअखेर रीतसर परवानगी आणा, नाहीतर खांबांवरची सगळी वायर उतरवा. त्याचं चुकीचं नाही. पण परवानगी कशी काढायची हे बघता बघता मोहनरावांपर्यंत पोचलो. शब्द टाकणारा आमच्याकडे तोच एक पुढारी. ओसरीवर चाळीस माणसं, निवडणूक तोंडावर. माझा नंबर आला. पाच मिनिटं मी चष्मा लावून तोंडपाठ बोललो. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. म्हणाले, “रेवणप्पाचा ना तू? त्याला घिऊन ये. म्या पोरासोरांशी बोलत न्हाई. उद्या कुनी चिटकून मेलं तर म्या कुनाला धरू, तुला? जबाबदार मानूस पायजे, त्याची सही पायजे.”

अप्पा मोहनरावांची पायरी चढणार नाहीत. अकरा वर्षांपूर्वी बाजार समितीच्या निवडणुकीत मोहनरावांनी अप्पांना भर बाजारात ‘पिठाळ वाणी’ म्हटलं होतं. तेव्हापासून अप्पा त्या गल्लीनंसुद्धा जात नाहीत.

८ जानेवारी १९९५

अप्पांना विचारलं. नाही म्हणाले. मी म्हणालो, दोनशे घरं आहेत, सहा महिने आम्ही जीव काढलाय, तुमची एक सही. ते म्हणाले, “म्हणून तर म्हणतो. जीव काढायचा धंदा आसतो व्हय?”

मग माझं डोकं सुटलं. म्हणालो, “तुमचं वय झालंय अप्पा. तुम्हाला भीती वाटते, तिला तुम्ही शहाणपण म्हणता.” ते गळ्यातलं लिंग हातात धरून बसले होते, पूजा व्हायची होती. उठून गिरणीवर गेले.

भाजी वाढताना आईनं उगाच विचारलं, “मोहनराव घरी कवा सापडतेत रे?” मी म्हणालो, शुक्रवारी सकाळी दहाच्या पुढं, नंतर दौऱ्यावर जाणार. तिला काय करायचंय देव जाणे.

११ जानेवारी

स्टँडजवळ उसाच्या ट्रकनं रस्त्यावरची वायर ओढून नेली. पलीकडची ऐंशी घरं बंद. लोक ऑफिसात येऊन शिव्या देतात. “पोरांच्या हातात दिलं की आसंच.” दोन दिवस लाईट दिवसा गेलीच नाही. जाऊ नये तेव्हा हमखास जाते.

१३ जानेवारी

१६ जानेवारी

शुक्रवारच्या पानावर तारीख टाकली होती, मग लिहिता आलं नाही. आज लिहितो. कुठंतरी खरं लिहून ठेवलं पाहिजे.

शुक्रवारी भोगी होती. घरोघर बाजरीच्या भाकऱ्या, गिरणीवर सकाळपासून डब्यांची रांग. मी आणि बंकट साडेनऊपासून स्टँडच्या खांबाखाली उभे. सटवाच्या चहाच्या टपरीशेजारीच तो खांब आहे. दहा वाजून गेले आणि गिरणीची घरघर थांबली. मला आनंद झाला. भोगीच्या दिवशी गिरणी थांबली म्हणजे तर लाईट नक्कीच गेली. मी म्हणालो, “गेली. चढ.”

“पक्कं का?”

“गिरणी ऐकू येती का तुला? चढ बे, लोक बोंबलायलेत.”

तो चढला. वायरसोबत ताणाची लोखंडी तार असते, ती त्यानं खांद्यावर घेतली होती. वर जाऊन त्यानं ती पलीकडे फेकली आणि ती वरच्या तारेला लागली.

तो ओरडलासुद्धा नाही. आवाज झाला तो खाली पडल्याचा.

मी वर बघत होतो म्हणून मला सगळं दिसलं. आणि त्याच वेळी हेही दिसलं की सटवाच्या टपरीत बल्ब जळतोय. दहा पावलांवर. मी मान वळवली असती तरी दिसला असता.

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

ठाण्याच्या जमादारांनी विचारलं, कोणी सांगितलं चढायला. मोहनरावांचा माणूस माझ्या शेजारी होता. त्यानं माझा दंड दाबला. मी म्हणालो, “तोच चढला. माझं ऐकलं नाही.” मी हे म्हणालो. माझ्याच तोंडानं.

१८ जानेवारी

गावात कुणी मला बोलत नाही. उलट सगळे चांगले वागतात. “पोरं हायेत, वय काय त्यांचं.” “बंकट पैल्यापासनंच उतावळा.” “ह्याच्या तर डोळ्यांदेखत झालं, काय वाटलं आसंल ह्याला.” मास्तर घरी येऊन पाठीवरून हात फिरवून गेले. तेच ते, वडलांना धाड म्हणणारे.

सहा महिने मी वय लपवत होतो. चष्मा, मिशी, सत्तावीस. आता तेच वय लोक माझ्या अंगावर पांघरूण म्हणून घालतात आणि मी ते ओढून घेतोय. चष्मा शुक्रवारीच फुटला. बरं झालं.

गिरणी का थांबली होती? लाईट होती. पट्टा तुटला असेल? अप्पांना विचारायची हिंमत होत नाही. त्यांनी पाच दिवसांत माझ्याशी एक शब्द काढलेला नाही. गिरणी चालवतात, येतात, जेवत नाहीत.

२३ जानेवारी

आज कळलं.

आई अप्पांचा कुडता धुवायला घेत होती. खिशातून घडी घातलेला कागद निघाला. ती वाचू शकत नाही, माझ्या हातात दिला. मोहनरावांच्या छापील कागदावर लाईट ऑफिसला परवानगीची शिफारस, आणि खाली अप्पांच्या हातचं, जाड निबानं लिहिलेलं:

‘माझा मुलगा संगमेश्वर हा वयाने लहान असला तरी जबाबदार आहे. त्याची संपूर्ण हमी मी घेतो. रेवणप्पा. ता. १३-१-९५.’

मी आईला विचारलं, हे कधी? ती म्हणाली, “भोगीच्या दिशी. बायका डबे घिऊन उभ्या आन ह्यांनी मोटार बंद किली. म्या म्हणलं, म्या हुबी ऱ्हाते की. तर म्हणले, तू बी चल, एकट्यानं त्या पायरीवर पाय टाकवंना. तुला सांगू नको म्हणलते. संक्रांतीला तिळगुळासंगं देणार हुते.”

वीस वर्षांत एकदाच. तेही माझ्यासाठी.

कागद घेऊन मी न्हाणीत जाऊन बसलो. रडूही येईना. ‘जबाबदार आहे.’ तिकडे ते हे लिहीत होते आणि इकडे मी चढ म्हणत होतो. घटका तीच असणार.

आता काय करू? केशरबाईला खरं सांगायलाच हवं. गावानं तिचं पोर वेडं ठरवलंय आणि ते मी ठरवू दिलंय. पण खरं सांगायचं तर सगळं सांगावं लागेल. लाईट गेली असं कशावरून वाटलं, तर गिरणी थांबली म्हणून. आणि हे अप्पांच्या कानावर गेलं तर? आयुष्यात एकदा त्यांनी माझ्यासाठी मान खाली घातली, आणि त्यानंच बंकट गेला, हे कळल्यावर तो माणूस पुन्हा गिरणीचं बटण दाबेल का?

२४ जानेवारी

केशरबाईकडे गेलतो. ती अंगणात बसली होती, वसतिगृहात जात नाही सध्या. वर माळवदावर डिश तशीच आहे.

मी म्हणालो, “काकू, बंकट आपल्या मनानं चढला नव्हता. मी चढ म्हणालो. त्यानं विचारलं पण होतं, पक्कं का म्हणून.”

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“लाईट हाय का न्हाई, तू बगितलं न्हवतं?”

“न्हाई.”

“मंग धा दिस झाले, माझं लेकरू येडं हुतं म्हणून गाव कावून फिरतंय? बाया मला तोंडावर म्हणतेत, तुमच्या बंकटला अक्कल न्हवती. म्या ऐकून घेतीय. मला बी वाटाय लागलं, नसंल बाबा. सोताच्या लेकराबद्दल.” मग तिनं डोळे पुसले आणि अगदी थंडपणे म्हणाली, “मला एकलीला सांगून काय उपेग? उद्या तेरावं हाय. समदी येतील. तवा सांग.”

“सांगतो.”

“अन्‌ चेष्मा लावू नको.”

२५ जानेवारी

तेराव्याला पन्नास-साठ माणसं होती. मोहनराव स्वतः आले होते, निवडणूक आहे. अप्पा भिंतीला टेकून बसलेले, कपाळाला विभूती, नजर जमिनीवर. जेवणाच्या आधी मी उभा राहिलो. घराचा लाकडी खांब धरला.

मी म्हणालो, “बंकट उतावळा नव्हता. मी चढ म्हणाल्याशिवाय तो कधीच चढला नाही. त्या दिवशी मी म्हणालो. जमादारांना मी खोटं सांगितलं.”

मोहनराव म्हणाले, “आरं, लहान हाईस तू, मनाला लावून घितलंस. बस खाली.” मी बसलो नाही. म्हणालो, “लहान नाही. मालक होतो.”

मग मागून सटवानं विचारलं. त्याचं चूक नाही, कुणीही विचारलं असतं. “पर गड्या, माझ्या टपरीत बल्ब जळत हुता की. मंग लाईट गेली हे तुमी ठरवलं कशावरनं?”

मी अप्पांकडे बघायचं नाही असं ठरवून गेलो होतो. तरी बघितलं. त्यांनी मान वर केली होती.

“कशावरनंच न्हाई,” मी म्हणालो. “घाई होती. बघितलं न्हाई.”

केशरबाई दारात उभी होती. आत गेली, ताटं वाढायला लागली. मला जेव म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. तिथून मी ठाण्यावर गेलो आणि जबाब बदलून दिला. केस होईल म्हणाले. होऊ दे.

२८ जानेवारी

बाहेर पडलो तर लोक बाजूला होतात. मास्तरांनी रस्ता बदलला. केशरबाई परवापासून वसतिगृहात जायला लागली.

वायर उतरवायला सुरुवात केलीय. लाईट ऑफिसचे दोघे येतात, मेन बंद करतात, मग मी चढतो. ते काळे हातमोजे घालतो. मला थोडे मोठे होतात. बंकटला बरोबर बसले होते. अप्पांनी ते त्याचाच हात डोळ्यांपुढं आणून घेतले असणार, हे मला आज वर चढल्यावर कळलं.

काल संध्याकाळी अप्पा एवढंच म्हणाले, “घाई होती म्हणलास.” मी हो म्हणालो.

५ फेब्रुवारी

आज दुपारी अप्पांनी गिरणी बंद केली. दळण होतं तरी. मला हाक मारली, शिडी लावायला सांगितली. हातात एक होल्डर, वायर आणि बल्ब. बाहेर, पत्र्याच्या वर, रस्त्यावरून दिसेल असा लावायचा होता.

मी म्हणालो, “मी चढतो.”

“तू खाली थांब.”

त्यांनी मेन बंद केला. फ्यूज काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, “म्या उतरस्तोवर मुठीत ठिव. कुनी कायबी म्हणू दी, सोडू नगस.”

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस शिडी चढला. वर त्यांच्या हातून स्क्रू दोनदा पडला. मी एका हातानं शिडी धरली होती आणि दुसऱ्या हातात फ्यूज इतका आवळला होता की तळव्यावर त्याची खूण उठली, अजून आहे.

आई बाहेर येऊन म्हणाली, “दिवसा बल्ब कशाला ह्यो?”

अप्पा खाली उतरले, कपाळावरचा घाम पुसला. म्हणाले, “गिरनी बंद आसली तरी लाईट हाय का न्हाई, ते लांबून दिसाया पायजे. आज न्हाई, लई आधी लावाया पायजे हुता.”

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. केव्हापासून, कुणाकडून, ते मी विचारणार नाही. माझं तेराव्याचं खोटं त्यांनी तिथं सगळ्यांसमोर ऐकून घेतलं, तसं मीही हे ऐकून घेतलं.

त्यांनी माझ्या मुठीतून फ्यूज घेतला, बसवला, मेन चालू केला. मोटार चालू केली नाही. आम्ही दोघं रस्त्यात जाऊन उभे राहिलो. गिरणी बंद होती आणि बल्ब जळत होता.

अप्पा म्हणाले, “स्टँडवरनं दिसतो का, बगून ये.”

मी जाऊन आलो. त्या खांबाखालून दिसतो.